तात्यांनी केलेली तात्यांची भूमिका

आमच्या नाटकात बाईपात्र नव्हतं. याला काही कलेबिलेचं कारण नव्हतं. पिंपळवंडीतली कुणाची बहीण-भावजय स्टेजवर उभी राहणार नव्हती, आणि बाहेरून नटी आणायची तर तिला उतरवायचं कुणाच्या घरी, यावरून पहिल्याच बैठकीत दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. म्हणून नाटकातल्या आईला मी दोन्ही अंक स्वयंपाकघरातच कोंडून ठेवलं. ती आतूनच बोलायची, आतूनच भांडी आपटायची. तिचा आवाज सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला माझा मित्र काढायचा, आणि तोच पडद्याआडून आम्हाला वाक्यं पुरवायचा. एका हातात वही, दुसऱ्या हातात पळी आणि पुढ्यात पातेलं. दोन्ही कामं त्यानं इतकी मन लावून केली की पुढं वर्षभर पोरं सायकलीत हवा भरायला गेली की त्याला 'आई' म्हणूनच हाक मारायची.

नाटकाचं नाव 'आमचं अजून ठरायचंय'. एका शेतकऱ्याचे तीन मुलगे, तिघेही पंचविशीच्या पुढचे, आणि तिघांनाही मोठं व्हायचं नाही. थोरला सहा वर्षं परीक्षेचा अभ्यास करतोय. कुठल्या परीक्षेचा ते त्यालाही नीट सांगता येत नाही. मधला रोज सकाळी नवा धंदा काढतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत बुडवतो. धाकटा पैलवान व्हायचं म्हणून घरातलं सगळं दूध पितो, आणि आखाड्याच्या दिवशीच बरोबर त्याचा पाय मुरगळतो. लग्नाचे पाहुणे आले की थोरला बाजेखाली लपतो. बाप ओरडतो, आई आतून भांडी आपटते, आणि शेवटी बाप तिघांनाही घराबाहेर काढतो. झालं नाटक.

लिहिलं मी. थोरल्याचं कामही माझंच. आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे, तो थोरला मीच होतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांचा, जुन्नरच्या कॉलेजातून बी.ए. झालेला, आणि तेव्हापासून अभ्यासाला बसलेला. बसलेला म्हणजे बहुतेक वेळ एसटीच्या थांब्यावर बसलेला. आम्ही चौघे-पाचजण तिथं असायचो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आम्ही लई मजेत दिसायचो. मजेत कसले डोंबलाचे! अठ्ठाविसाव्या वर्षी बापाच्या जिवावर दोन वेळा जेवताना घास गोड लागत नाही, राव. पण हे एकमेकांना बोलून दाखवायची पद्धत नव्हती. म्हणून आम्ही चेष्टा करायचो, आणि त्या चेष्टेतूनच हे नाटक निघालं.

तात्या म्हणजे माझे वडील. आमची शेती म्हणजे तात्या. मोटार चालू कधी करायची, पाणी कुठल्या वाफ्याला द्यायचं, औषध कधी मारायचं, बी कुणाकडून आणायचं, सगळं त्यांच्या हातात. मी खोरं घेऊन पाण्यावर उभा राहिलो की पाचव्या मिनिटाला बांधावरून हाक यायची, "सोड ते. तुला न्हाई जमायचं." आणि ते येऊन माझ्या हातातून खोरं काढून घ्यायचे. मी सोडायचो. जरा लवकरच सोडायचो, हेही कबूल केलं पाहिजे. खोरं सुटलं की मी थांब्यावर जायला मोकळा.

नाटकातल्या बापाची सगळी वाक्यं मी तात्यांची उचलली होती. "तुज्या वयात मला दोन पोरं आन एक हीर व्हती." "ह्यो अभ्यास करतोय. माझ्या तेराव्याचं कार्ड तरी सुद्द लिव्हशील का रं?" असली एकेक. सकाळी ऐकायची आणि दुपारी वहीत उतरवायची. लेखक म्हणून माझी मेहनत एवढीच.

त्या वर्षी माघात मला मुलगी दाखवायला निरगुडसरला नेलं. तोवर चार ठिकाणी जाऊन आलो होतो. पोहे खायचे, मान खाली घालायची, जीपमध्ये बसून परत यायचं. मला त्याचं ना सुख ना दुःख. निरगुडसरला मात्र वडीलधाऱ्यांनी आम्हा दोघांना ओटीवर पाच मिनिटं बोलायला सोडलं. मी विचार करत होतो, ही आता छंद विचारेल. तिनं सरळ विचारलं, "यंदा शेतात काय लावायचं, हे तुमच्या घरात कोण ठरवतं?"

"तात्या," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मी... असतो."

ती हसली. हेटाळणीनं नाही, पण हसली. "असतो" हे काही उत्तर झालं का? परतताना मंचरपर्यंतच्या रस्त्यात माझ्या लक्षात आलं की मला हीच पाहिजे. तोवर मला मोठं व्हायची कसलीच घाई नव्हती. त्या दिवसापासून झाली. तिच्या वडिलांनी निघताना "कळवतो" एवढंच म्हटलं होतं. पंधरा दिवस गेले, महिना गेला, दीड महिना गेला. कळवणं काही आलं नाही.

मग तात्यांनी आपल्या पद्धतीनं डाव टाकला. चैत्रातल्या आमच्या जत्रेचं जेवायचं आवतण त्यांनी निरगुडसरच्या पाहुण्यांना धाडलं. आणि पाहुणे येतो म्हणाले.

मी हबकलो. आमचं नाटक जत्रेतच होतं. पहिल्या दिवशी सकाळी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी, म्हणजे दिवसाचा खेळ, दुपारी कुस्त्या. उरलं ते पहिल्या दिवशीचं दुपारी चार ते सहा, ते आमच्या पदरात टाकलं होतं. ज्या माणसाची मुलगी मला हवी होती, तो माणूस मला बाजेखाली लपलेला बघणार? मी हिशेब घातला: पाहुणे बाराला येतील, एकला जेवतील, दोनला वामकुक्षी, तीनला देवदर्शन, साडेतीनच्या एसटीत बसतील. चारला मी खुशाल बाजेखाली.

पण त्याआधीच दुसरं संकट उभं राहिलं. नाटकात बापाचं काम करणारा आमचा मित्र, पोट सुटलेला, आवाज दणदणीत, त्याच्या भावकीतली एक चुलत आजी जत्रेच्या दोन दिवस आधी गेली. नव्वदीची म्हातारी, सगळं बघून गेली, पण सुतक ते सुतक. दहा दिवस देवळात जायचं नाही, जत्रेत फिरायचं नाही. स्टेजची पूजा होऊन नारळ फुटणार, म्हणजे स्टेजही बंद. "म्हातारीनं आपल्या नाटकाचा दिवस बघूनच डोळे मिटले रे," असं तो अंगणात बसून माझ्या कानाशी म्हणाला, आणि त्याला एकदम रडूच आलं. आजीसाठी की नाटकासाठी, मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे आमच्या कांदा साठवायच्या बराकीत डोकं धरून बसलो. तालमी तिथंच चालायच्या. तात्या बाहेर ओट्यावर बी निवडत बसायचे, आणि ऐकत नसल्याचं दाखवायचे. गावातल्या एकेका माणसाचं नाव निघत होतं आणि बाद होत होतं. एकाला दात नाहीत, एक जिथं उभा करावा तिथंच झोपतो. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "एवढं कशाला शोधताय? ह्यांनाच उभं करा की. पाठ करायचीबी गरज न्हाई. रोज सकाळी म्हणत्यातच."

सगळ्यांनी माना ओट्याकडं वळवल्या. ओट्यावरून तात्या गरजले, "मला काय दुसरे धंदे न्हाईत?" आणि बी निवडत राहिले. दोन मिनिटांनी पुन्हा आवाज आला, "टोपी कंची घालायची?"

दोनच तालमी मिळाल्या. त्यातही ते मला सुधारायला लागले. "मी असं म्हनत न्हाई. आधी मी चहा मागतो, मग बोलतो. तू चहा कुटं लिव्हलाय?" लेखक म्हणून माझी इतकी झाडाझडती पुढं कुणी घेतली नाही. मी चहा लिहिला. शेवटचं वाक्य तेवढं माझं स्वतःचं होतं. बापानं काठी उगारून म्हणायचं, "चालते व्हा घरातनं, आन माणसं होऊनच परत या!" तात्या ते वाक्य दर वेळी अडखळत म्हणायचे. मला वाटलं, पाठ होत नसेल.

जत्रेच्या दिवशी पाहुणे ठरल्याप्रमाणे बाराला आले. एकटेच, पांढरं धोतर, पायात नवी चप्पल, कमी बोलणारे. जेवले. झोपले नाहीत. देवाला जाऊन आले. सव्वातीन झाले आणि मी त्यांची पिशवी हातात घेऊन उभा राहिलो, म्हटलं एसटीवर सोडतो. तेवढ्यात मैदानावरचा कर्णा वाजला.

आमच्याकडं जत्रेत परगावच्या पाहुण्याला स्टेजपाशी बोलावून टॉवेल, टोपी, नारळ द्यायची रीत आहे. नावं पुकारायला होता तोच गडी, जो सकाळभर घाटात बैलगाडे पुकारत होता. घसा बसलेला, पण हौस तशीच ताजी. कुणीतरी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं असणार, आणि त्यानं ते आपल्या पद्धतीनं वाढवलं. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं तो ओरडला, "निरगुडसरहून आलेले, आपल्या गावचे होणारे व्याही, यांनी तातडीनं स्टेजकडं यावं ही नम्र विनंती!"

होणारे व्याही! अरे, कुणी ठरवलं? त्या माणसानं अजून हो की नाही सांगितलं नव्हतं, आणि ह्या बाबानं कर्ण्यावरून साखरपुडा उरकला. पाहुण्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मैदानाकडं चालू लागले. न जावं तर गावाचा अपमान, जावं तर आपण होकार दिल्यासारखं होतं, अशी त्यांची गत झाली होती. त्यांना टॉवेल-टोपी दिली, आणि पहिल्या रांगेत मधोमध खुर्चीवर बसवलं. आता साडेतीनची एसटी गेली, चारची घंटा झाली, आणि माझं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडणार हे मला कळून चुकलं.

मी सायकलवाल्याला म्हटलं, बाजेचा प्रसंग गाळू या. तो म्हणाला, "गाळ. मग नाटकात पाहुणे आल्यावर तू कुठं जाणार? नाटकच पुढं जात नाही." खरं होतं. मीच लिहिलं होतं.

पडदा उघडला. तात्या नेहमीच्याच धोतरात, नेहमीच्याच टोपीत येऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "चहा आन गं." एवढ्यावरच मैदान फुटलं. सगळ्या गावानं हा माणूस रोज असाच बघितलेला. आतून सायकलवाल्यानं पातेलं आपटलं आणि बायकांच्या आवाजात म्हणाला, "दूध पैलवानानं पिलं!" बायकांची रांग पदर तोंडाला लावून हलत होती. मधल्याचा धंदा बुडाला, पैलवानाचा पाय मुरगळला, हशा थांबेना. मध्येच कर्णेवाला, "थांबा, थांबा," म्हणून कुणाचं तरी हरवलेलं पोर सापडल्याचं सांगून गेला. आम्ही होतो तसे उभे राहिलो आणि मग पुढं सुरू केलं. माझ्या अभ्यासाची चेष्टा आली तेव्हा मी हळूच पहिल्या रांगेकडं बघितलं. पाहुणे हसत नव्हते. मग नाटकातले लग्नाचे पाहुणे आले, आणि मी बाजेखाली शिरलो.

तिथून मला फक्त तात्यांचे पाय दिसत होते. तिन्ही मुलांना ओळीनं बोलून झालं. काठी वर गेली. आता मी लिहिलेलं ते शेवटचं वाक्य. तात्या थांबले. आतून सायकलवाल्यानं पुरवलं, "चालते व्हा..." त्यानं पुन्हा पुरवलं, जरा मोठ्यानं. पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं असेल.

"थांब रं जरा," तात्या आतल्याला म्हणाले. "हे वाक्य माझं न्हाई."

लोक हसले. त्यांना वाटलं हेही नाटकातलं. तात्यांनी काठी बाजेवर ठेवली. माझ्या डोक्यावर ती खडखडली. मग ते लोकांकडं वळले.

"मी ह्याला रोज बोलतो. तुमी समद्यांनी आता ऐकलंच. पर खरं सांगू का? ह्याच्या हातातलं खोरं मीच काढून घेतलं. पान्यावर गेला तर मागनं मी गेलो. औषधाचा पंप पाठीवर घेतला तर मी उतरवला. अठ्ठावीस वर्साचा गडी, पर एक वाफा मी ह्याला ह्याच्या मनानं भरू दिला न्हाई. मग ह्यो मोठा व्हनार कवा?"

हशा बंद झाला होता. तात्या खाली बघत म्हणाले, "मला भ्या वाटायचं. ह्यो जानता झाला, तर मी दिसभर करायचं काय?"

बाजेखाली मी उताणा पडलो होतो. वर सुंभाची वीण. डोळ्यांतून पाणी थेट कानात जात होतं, आणि मला ते पुसताही येत नव्हतं, कारण हात बाजेच्या पायात अडकला होता. इतकी वर्षं मी समजत होतो की मी नालायक आहे म्हणून तात्या हातातून खोरं काढून घेतात. हे असं काही त्यांच्या पोटात असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

"ऊठ," ते म्हणाले. "भाईर ये."

मी बाहेर आलो. पाठीला धूळ, नाकाला पाणी. पुढं काय बोलायचं कुणालाच माहीत नव्हतं. पैलवान मुरगळलेल्या पायावर व्यवस्थित उभा होता. शेवटी कर्णेवाल्यानं आमची सुटका केली. घाटातल्या शर्यतीच्या सवयीनं तो ओरडला, "झाऽऽली! एक नंबरात गाडी झाली!" आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. कुणीतरी पडदा ओढला.

पाहुणे स्टेजमागं आले. टॉवेल खांद्यावर, नारळ हातात. माझ्याकडं न बघता तात्यांना म्हणाले, "स्टेजवर खरं बोलणं सोपं हाय, पावणं. आमची पोरगी म्हणती, ज्या घरात गड्याला बोलायची सोय न्हाई तिथं बाईची काय गत? एक पीक ह्यांच्या हातनं निघू द्या. मग बोलू." आणि सहाच्या एसटीनं निघून गेले.

म्हणजे मोडलं नव्हतं. पण जुळलंही नव्हतं. आता सगळं एका पिकावर येऊन थांबलं.

वैशाखात मी अर्ध्या एकरात टोमॅटो लावला. रान मी निवडलं, रोपं मी आणली, तार-बांबू मी केलं. तात्यांचे ते दिवस फार वाईट गेले. आता ते नाहीत, पण त्या उन्हाळ्यातले तात्या मला अजून जसेच्या तसे दिसतात. सकाळी उठून सवयीनं बांधापर्यंत यायचे, मग काहीतरी आठवल्यासारखं करून मागं फिरायचे. ओट्यावर रानाकडं पाठ करून बसायचे. एकदा तर "माझं मन लागत न्हाई" म्हणून चार दिवस आत्याकडं राहायला गेले आणि दुसऱ्या दिवशीच परत आले. आत्याच्या मुलाला पाणी देता येत नाही, अशी तक्रार घेऊन. आईनं कपाळाला हात लावला.

मी चुका पुष्कळ केल्या. बांधणी उशिरा केली, आणि वादळी वाऱ्यात एक सबंध ओळ झोपली. तात्या आले, बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. मग हौदावर जाऊन तोंड धुतलं. परत आले, पुन्हा बघितलं, पुन्हा तोंड धुतलं. तीन वेळा. ती ओळ मी उभी केली. अर्धी जगली. थांब्यावरचे मित्र दोन दिवस सुतळी बांधायला येऊन गेले, सुतक फिटलेला नाटकातला बापही आला. त्यांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवतो. पुढं त्यातला एक चाकणला कंपनीत लागला, पैलवानानं डेअरी काढली. जो तो आपापल्या वेळेला मोठा झाला, आणि त्यासाठी कुणाला घराबाहेर काढावं लागलं नाही.

पहिला मोठा तोडा निघाला तेव्हा आम्ही पिकअपमध्ये क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात गेलो. तिथं तात्यांना सगळे ओळखायचे. एका व्यापाऱ्यानं क्रेटमध्ये हात घातला, दोन फळं दाबून बघितली आणि तात्यांना विचारलं, "काय तात्या, द्यायचा का?"

"मालकाला इचारा," तात्या म्हणाले, आणि माझ्याकडं बोट करून चहाच्या गाडीकडं निघून गेले.

मालक! व्यापाऱ्यानं भाव सांगितला, मी दोन मिनिटं विचार केल्यासारखं केलं आणि हो म्हणून टाकलं. सुटलो एकदाचा, असं वाटलं. अर्ध्या तासात बाहेरच्या गाड्या आल्या, आणि भाव बघता बघता चढला. शेजारच्या रांगेतला माझ्याहून हलका माल माझ्यापेक्षा चढ्या भावानं गेला. घाई झाली होती. नवख्याची घाई. तात्यांनी तीस वर्षांत अशी घाई कधी केली नसती. मी चहाच्या गाडीकडं बघितलं. ते तिथंच उभे होते, आणि त्यांना सगळं दिसत होतं.

परत येताना मी बोलणी खायची तयारी करून बसलो होतो. तात्या रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलले. कुणाच्या तरी म्हशीबद्दल बोलले. जन्मात एवढं बोलले नसतील. घरी आल्यावर आईनं त्यांना विचारलं, "काय भाव गेला?" तर म्हणाले, "मला काय म्हाईत? माल त्याचा, त्याला इचार." मी आईला भाव सांगितला, आणि माझ्या चुकीचंही सांगितलं. सांगताना मला लाज वाटली नाही, हे मला नवीनच होतं.

आठवडाभरानं शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला: रविवारी सुपारी फोडायला या.

लग्न झालं. आता आमच्या घरात काय लावायचं ते आम्ही दोघं भांडून ठरवतो, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं होतं. पण त्यांनी होकार कशावरून दिला, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं, पीक बरं आलं म्हणून. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाल्यावर एकदा निरगुडसरला सासऱ्यांबरोबर त्यांच्या द्राक्षाच्या बागेत बसलो होतो, तेव्हा विषय निघाला. सासरे म्हणाले, "सौदा तर तुमचा पार गंडला व्हता, पावणं. मी पलीकडच्या रांगेत माझ्या टोमॅटोचं क्रेट घेऊन उभा व्हतो."

मी ओशाळलो. "मग तरी हो म्हणालात?"

"तुमचा सौदा मी बघतच नव्हतो. तुमच्या तात्यांकडं बघत व्हतो. माल पाण्यात चाललाय दिसतंय, दहा पावलांवर उभं हायेत, एक हाक मारली असती तर थांबला असता सौदा. न्हाई मारली. चहा गार झाला, पर तिथनं हलले न्हाईत. स्टेजवर बोलले ते मी निम्मंच खरं धरलं व्हतं. त्या दिशी घरी जाऊन पोरीला म्हणलं, ह्या घरात जा."

घरी आल्यावर मी तात्यांसमोर बसलो. ते शेंगा फोडत होते. मी म्हटलं, "तात्या, त्या दिवशी बाजारात तुम्ही गप्प राहिलात, म्हणून माझं लग्न झालं."

तात्यांनी मान वर केली. "गप? मी? आरं, तुज्या वाटच्या समद्या शिव्या मी त्या चहावाल्याला घातल्या. त्यो बिचारा इचारत व्हता, तात्या, चहात काय कमी पडलं का?" मग शेंगांच्या ढिगात हात घालून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला मातर एकबी दिली न्हाई."